गरिबीचं नेमकं इंग्रजी

अरुणाबाईंच्या घरी यशोदाबाई कधी उंबऱ्याच्या आत बसली नव्हती. अरुणाबाई बसा म्हणत नसत असं नाही, बाई भल्या होत्या. पण पाटी बाहेर आणि आपण आत, हे यशोदाबाईला पटायचं नाही. मासळीवाली पाटी सोडून बसली की गिऱ्हाईक भाव पाडतं आणि मांजर वाट बघतं. म्हणून त्या दिवशीही ती वाशीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेरच टेकली. आत टेबलाशी तिची नात नंदिनी खुर्चीवर बसली होती. आजीनं पाटीवर फडकं टाकलं, पाय मुडपले आणि कान आत सोडले.

अरुणाबाई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. दादरहून वाशीच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून यशोदाबाईकडूनच कोलंबी घ्यायच्या. नंदिनी बारावी झाली, तिला मुंबईत राहून रक्त तपासायचा कोर्स करायचा आहे, हे त्यांना पाटीवरच कळलं होतं. मुंबईतला एक ट्रस्ट गरीब घरच्या हुशार मुलींची फी भरतो, होस्टेलात ठेवतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. अट एवढीच, की मुलीनं आपली घरची परिस्थिती इंग्रजीत लिहून पाठवायची.

"मराठीत गरीब असून भागत नाय वाटतं," यशोदाबाई तेव्हा म्हणाली होती.

आत अरुणाबाईंनी नंदिनीचा कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पहिलंच वाक्य बघ. 'वी आर स्टार्विंग.' म्हणजे आम्ही उपासमारीनं मरतोय. खरं आहे?"

"नाही... तसं नाही, मॅडम."

"मग लिहायचं नाही. इंग्रजीत गरिबीलाही पायऱ्या असतात, नंदिनी. एक पायरी जास्त उतरलीस तर वाचणाऱ्याला वाटतं, रडगाणं आहे. एक पायरी कमी उतरलीस तर वाटतं, हिला कशाला द्यायचं? आपण जिथे आहोत त्याच पायरीवर उभं राहायचं."

मग त्यांनी एकेक पायरी दाखवायला सुरुवात केली. मेक बोथ एन्ड्स मीट, म्हणजे दोन टोकं जुळवायची. ते पगारदार माणसानं म्हणायचं, कारण त्याला महिन्याला दोन टोकं असतात. हँड टु माउथ, म्हणजे आज हातात आलं ते आजच पोटात गेलं, उद्याला काही नाही. कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर, म्हणजे भूक हा लांडगा धरायचा. तो दाराशी आलेला असतो, पण आपण कसाबसा बाहेर ठेवलेला असतो.

"लांडगा नाय आमच्यात," दाराबाहेरून आवाज आला. "खाडीवर कोल्ला येतो रातचा. त्यो पन चिंबोऱ्या खातो न् गप जातो. कुनाच्या दारात नाय येत."

अरुणाबाई हसल्या. "बरं, लांडगा नको. आजी, मला सांगा, घरात उद्याचं धान्य असतं?"

"असतं त! कनगी भरलेली हाय."

कणगी होती हे खरं. खाजणातली भातशेती होती तेव्हा ती गळ्यापर्यंत भरायची. आता तिच्यात कोंबडी खुडूक बसायची. सरकारनं नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या, तेव्हा त्यांच्या ऐरोली गावात नोटांना पाय फुटले होते. आल्या तशा चालत गेल्या. यशोदाबाईच्या नवऱ्याच्या दुखण्यात काही गेल्या, बाकीच्या तिच्या लेकानं, दत्तूनं, घेतलेल्या टेम्पोनं खाल्ल्या, आणि टेम्पो भंगारात गेला. आता दत्तू, नंदिनीचा बाप, रोज सकाळी एका कंपनीच्या फाटकाशी उभा राहायचा. कंत्राटदार बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. फाटकाच्या आत कुठेतरी त्याच्याच बापाचा बांध होता. त्यावर आता सिमेंट होतं.

"आणि रात्री रोज स्वयंपाक होतो?" अरुणाबाईंनी विचारलं.

"दोन दोन कालवनं होतात. कंटालतो आमी खाऊन."

"आजी, तुम्ही सांगताय तसं लिहिलं, तर तो ट्रस्टच तुमच्याकडे मदत मागायला येईल."

नंदिनी हसली नाही. तिनं आवाज खाली आणला. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटात आवाज किती खाली जाणार? रेशनचा तांदूळ महिन्याच्या मध्यावर संपतो, हे तिनं सांगितलं. संध्याकाळी पेज असते. आजीच्या पाटीत न विकलेलं उरलं तर कालवण, नाहीतर मीठ. पावसाळ्यात खाडी बंद, बापाचं कामही बंद, तेव्हा सकाळची पेजही बंद. आईच्या दुखण्यात घरातली भांडी गेली, ती परत आली नाहीत.

यशोदाबाईला वाटलं, गावदेवीच्या जत्रेत भरल्या माणसांत कुणी आपलं लुगडं फेडतंय. उठून पोरीच्या थोबाडीत द्यावी असं मनात आलं. पण पोर काही खोटं बोलत नव्हती, आणि खऱ्याला थोबाडीत मारायची तर हात कुठून उचलायचा? तिनं फडकं बाजूला करून कोलंब्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

"मग हँड टु माउथ," अरुणाबाई लिहिता लिहिता बोलत होत्या. "वर्षभरासाठी हेच बरोबर. आणि पावसाळ्याच्या महिन्यांसाठी कीप बॉडी अँड सोल टुगेदर. जीव कुडीत राहील एवढंच. ते मात्र जपून. आणि हे 'बेअरली', म्हणजे जेमतेम, तू चार वेळा लिहिलंयस. एकदाच. एकदा लिहिलं तर परिस्थिती, चार वेळा लिहिलं तर भीक."

"भीक नको," नंदिनी पटकन म्हणाली. तेवढ्यापुरती ती आजीची नात होती.

परतीच्या एसटीत यशोदाबाईनं सगळं मराठीत वदवून घेतलं. नंदिनी खिडकीकडे बघत एकेक वाक्य सांगत होती.

"तुजा बापूस वाचंल त कं वाटंल त्याला?"

"बापूस इंग्रजी वाचत नाय."

"देव पावला." खिडकीबाहेर खाडी दिसेपर्यंत ती पाटीवरचं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "धाड. शिकायचं हाय ना तुला? धाड. पन आपल्या आलीत एका बाईला जरी कललं ना नंदे, की आमी असलं लिवून दिलंय, त मी त्याच खाडीत उडी मारीन. पोहता येतं मना, तरी मारीन."

आळी म्हणजे यशोदाबाईचा दरबार होता. तिथं तिचा शब्द चालायचा, कारण तिनं चालवून दाखवला होता. ऐरोलीची जुनी रीत अशी, की कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले तर ते एका घरचे पाहुणे नसतात. मुलीच्या घरचं उणं ते आळीचं उणं. ज्याच्याकडे जे असेल ते मागच्या दारानं जायचं. खुर्ची, सतरंजी, पितळेची परात, गळ्यातलं सोनं. पाहुणे जेवून, सुपारी खाऊन गेले की सगळं मागच्या दारानंच परत. कुणी त्याचा उच्चार करायचा नाही. पुढेही नाही, भांडणातही नाही. शेजारच्या चांगुणाबाईच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा यशोदाबाईनं आपलं सोन्याचं गाठलं तिच्या गळ्यात घातलं होतं. एवढंच नाही, बंदराला लागलेली आपल्या नवऱ्याची होडी बोट दाखवून चांगुणाची म्हणून सांगितली होती. मुलगी उजवली, सुखात नांदतेय. त्याला ऐरोलीत खोटं म्हणत नसत. खोटं बोलणं वेगळं, लाज राखणं वेगळं.

गाठलं पुढे यशोदाबाईच्या सुनेच्या दुखण्यात गेलं, सूनही गेली. ते आळीला माहीत नव्हतं. पेटीत आहे, अशीच समजूत होती, आणि ती समजूत यशोदाबाईनं रोज पुसून लख्ख ठेवली होती.

ट्रस्टचं कार्ड आलं. अर्ज आवडला होता. एका रविवारी दोघी बाया घर बघायला येणार होत्या, परिस्थितीची खात्री करायला.

"खात्री," यशोदाबाई म्हणाली. "गाय घेताना दात बघतात तशी."

पण तिनं मनाशी ठरवलं होतं. तासाभराचं काम. येतील, भिंती बघतील, कणगीत डोकावतील, जातील. पोरगी मुंबईला जाईल. यशोदाबाईनं त्या दिवशी पाटी लावली नाही. घर सारवून घेतलं आणि पुढे काहीही केलं नाही. हे काहीही न करणंच तिला जड गेलं. साठ वर्षांच्या आयुष्यात पाहुणा येणार म्हणून हातावर हात ठेवून ती पहिल्यांदाच बसली होती. नंदिनीनं विचारलं, चहा काळाच द्यायचा का, दूध नाही. आजी म्हणाली, "कालाच दे." म्हणताना तिला जीभ चावल्यासारखं झालं. दत्तूला तिनं सकाळीच बंदरावर पिटाळलं होतं. हे त्यानं बघायला नको.

मोटार आळीच्या तोंडाशीच अडकली. आळी मोटारीसाठी बांधलेली नव्हती. चारुलताबाई उतरल्या, ट्रस्टच्या मोठ्या बाई, अंगावर साधी पण जाणत्या माणसाला कळेल अशी रेशमी साडी. त्यांच्यामागून स्मिता नावाची तरणी बाई, खांद्याला झोळी, हातात वही. पहिलं दार लागलं ते चांगुणाबाईचं.

"नंदिनी पाटील इथेच राहते का?" चारुलताबाईंनी विचारलं. "तिचं घर बघायचंय. माणसं कशी आहेत, काय आहेत, सगळं जरा बघू."

आता यावर ऐरोलीतल्या बाईनं काय समजायचं? दोन परक्या बाया, मोटार, रेशमी साडी, मुलीचं नाव, आणि घर बघायचंय. वही कशाला, असं चांगुणाबाईला क्षणभर वाटलं. पण शहरातली माणसं पत्रिका वहीतच लिहून नेत असतील. तिनं पदर डोक्यावर घेतला, तोंड भरून हसली, "आधी आमच्यात पानी पिवा, मग जाव्वा," म्हणून दोघींना आपल्या ओटीवर बसवलं आणि सुनेला डोळ्यांनीच खुणावून मागच्या दारानं आळीत सोडलं.

यशोदाबाई पुढच्या दाराकडे डोळे लावून बसली होती. आवाज आला तो मागून.

पहिली आळीतली भिमाबाई आली, हातात दोन खुर्च्या, एकीत एक घातलेल्या. मागून सतरंजी आली. पितळी हंडा आला. स्टीलच्या ताटांची चळत आली. काचेचे पेले आले, वर दुधाचं भांडं. चांगुणाबाईची सून जिताड्याच्या कालवणाचं टोप घेऊन आली. जावई येणार म्हणून केलेलं होतं, जावयाला आता सुकट. जिताडा म्हणजे खाडीतल्या मासळीचा राजा. तो आगऱ्याच्या घरी व्याह्यापुढे ठेवतात, नाहीतर देवापुढे.

"कं गो हे?" यशोदाबाई उभी राहिली.

"आता तूच इचारतंस?" भिमाबाई सतरंजी झटकत म्हणाली. "पोरीला बघाया आलेत न् तोंडातून शब्द नाय तुज्या. आमी कं परकी हाव? मोटारवाली मानसं आयलीत, न् ही बसलीय गाभन म्हशीवानी."

दोघी-तिघींनी नंदिनीला मध्ये घेतलं होतं. एकीनं तिच्या डोक्यात अबोली खोवली. भिमाबाईनं आपल्या गळ्यातलं गाठलं काढलं.

"तुजी पेटी उघडाया येल नाय आता, यशोदे. माजंच घालतंय."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. "बाय गो, हे सगलं घेऊन जा, त्या आमची गरिबी बघाया आल्यात." जिभेवर आलंही होतं. यशोदाबाईची जीभ अशी, की बाजारात चार दलालांना पुरून उरायची. दांडगट ड्रायव्हर तिला बघून गाडी थांबवायचे. ती जीभ टाळूला चिकटली.

"आजी, सांग ना त्यांना," नंदिनी बायांच्या गराड्यातून म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आजी!"

"सांगायचं कं त्यात?" भिमाबाईनं तिची हनुवटी वर केली. "लाजतेय बघा कशी. सगल्या अशाच वरडतात पैल्या येलेला."

यशोदाबाईनं नातीकडे बघितलं. मग टोपाकडे बघितलं. मग आपला आवाज तिच्याच कानावर आला, अगदी नेहमीचा, दरबारातला.

"जिताडा कुनाचा गो? गलाचा हाय का जालीचा? झाकन ठेव, निवंल."

चारुलताबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. सतरंजीवर खुर्च्या. कोपऱ्यात लख्ख पितळ. दारा-खिडक्यांतून आळी. मध्ये डोक्यात फुलं आणि गळ्यात सोनं घातलेली एक मुलगी, मान खाली.

"बसा," यशोदाबाई म्हणाली. "तोंड धुवा. ताट वाढलंय."

"आम्ही फक्त भेटायला आलोय, आजी. आणि मी मासे खात नाही."

आळी हलली. कुणीतरी धावलं. दुधात साखर घालून वाटी आली, तांदळाच्या भाकरीवर तुपाचा गोळा आला. कुणाच्या घरचं तूप ते देव जाणे. स्मिता मासे खाणारी निघाली. तिनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि वही बाजूला ठेवून दिली.

चारुलताबाईंनी पर्समधून नंदिनीचा कागद काढला. हळू आवाजात एक एक वाक्य वाचत त्या घराकडे बघत होत्या, जणू वाक्याला घर लावून बघत होत्या, बसतं का. 'हँड टु माउथ' यशोदाबाईनं ओळखलं. पुढचं 'बॉडी अँड सोल'ही ओळखलं. तेव्हा चारुलताबाई हातातल्या वाटीकडे बघत होत्या.

नंदिनीनं मान वर केली आणि इंग्रजीत बोलली. चार-पाच शब्द, पण स्वच्छ. शब्द यशोदाबाईला कळले नाहीत, अर्थ कळला. हे आमचं नाही, असंच काहीतरी पोर म्हणाली होती.

"कं बोल्ली गो?" दारातून चांगुणाबाईनं विचारलं.

चारुलताबाईंनी नंदिनीकडे बघितलं, मग आजीकडे वळल्या. माणसं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुणी रिकामे डबे दाखवतं, कुणी भरलेले लपवतं, त्यांना दोन्ही माहीत होतं. इथे त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

"आजी, मुलगी म्हणतेय हे सामान तुमचं नाही. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. हे तुमचं आहे की नाही?"

खिडकीतली डोकी थांबली. चांगुणाबाईचा चेहरा पांढरा पडला. कुणी पाहुण्यानं असं तोंडावर विचारल्याचं ऐरोलीत आजवर घडलं नव्हतं. भिमाबाईचा हात आपल्या मोकळ्या गळ्याशी गेला. पन्नास डोळे यशोदाबाईकडे लागले होते. त्यातले दोन नंदिनीचे होते.

"आमचंच," यशोदाबाई म्हणाली. "आमचं नाय त कुनाचं? पोर लाजलीय, कायपन बोलते. आमच्या दारातून आजपातूर कुनी उपाशी गेला नाय, बाई. तुमीपन जानार नाय."

"हो," चारुलताबाई वाटी खाली ठेवत म्हणाल्या. "दिसतंच आहे."

खिडकीतल्या डोक्यांनी श्वास सोडला. आळीची लाज राहिली होती.

मोटार गेली आणि सगळं मागच्या दारानं परत गेलं, रीतीप्रमाणे, एक शब्द न बोलता. नंदिनीनं गळ्यातलं स्वतःच काढलं, पदरानं पुसलं आणि भिमाबाईच्या हातात ठेवलं. घर पुन्हा सकाळी होतं तसं झालं. आता ते बघायला कुणी नव्हतं.

"नंदे," आजी म्हणाली.

"चूल पेटवायची का?" नंदिनीनं विचारलं. "का कंटाललो आपन खाऊन?"



नकाराचं कार्ड नंदिनीला आलं, आणि अरुणाबाईंना वेगळं पत्र आलं. कोलंबी घेऊन यशोदाबाई दारात उभी राहिली, तेव्हा अरुणाबाईंनी भांडं आणलं नाही.

"मी एकेक शब्द तोलून लिहिला होता, आजी. माझं नाव होतं त्याखाली. आता त्या लिहितात, इंग्रजी उत्तम आहे, पण ज्या गोष्टीबद्दल आहे ती गोष्ट कुठे आहे?" त्यांनी हातातलं पत्र पुढे केलं. "सोनं? मासे? तूप? मी इतर मुलींचे अर्ज आता कुठल्या तोंडानं पाठवू?"

यशोदाबाईनं पाटी बाहेर ठेवली आणि आत आली. खुर्ची होती तरी खाली लादीवर बसली.

"परत लिवा. मी सांगतंय, तुमी लिवा."

"आता काय उपयोग?"

"लिवा तुमी."

आणि तिनं सांगितलं. पेज झाली की दत्तू आणि नंदिनी आधी जेवतात. मग ती म्हणते, मी भिमीकडे जेवले. भिमी तिला विचारते, जेवलीस का, तर म्हणते घरी जेवले. कांदा-बटाट्याचं नवं मार्केट झालं, तेव्हा गोण्यांतून सांडलेले कांदे गोळा करायला ती जायची. पदर नाकापर्यंत ओढून, कारण ऐरोलीचे हमाल तिथे होते. एकदा एकानं ओळखलं, तेव्हा त्याला म्हणाली की इकडे मासे विकायला आलेय, आणि पदरातले कांदे तिथेच सोडून दिले. सून खाटेवर होती तेव्हा गाठलं विकलं, आणि त्याच रात्री रिकाम्या पेटीला नवं कुलूप लावलं. पावसात एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा दुपारभर पाट्यावर नुसता वरवंटा फिरवत बसली. शेजारी आवाज जावा म्हणून.

हे सांगताना ती रडली नाही. दुसऱ्या कुणाचा हिशेब चुकता करावा तसं सांगत होती.

अरुणाबाईंचा पेन कधीच थांबला होता. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"अख्खी आली उभी होती दारात."

"एवढंच?"

"तुमच्या मजल्यावर सगली दारं बंद असतात, बाई. तुमाला नाय कलनार एवढंच म्हंजे केवढं."

अरुणाबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी सांगितलं की जागा भरली, त्या ट्रस्टनं दुसऱ्या मुलीला घेतलं. आणि मग, बाई शिक्षकच होत्या, त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "याला मात्र बॉडी अँड सोल हेच बरोबर होतं." म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच ओठ दाबून धरले. यशोदाबाई उठली. पाटी डोक्यावर घेतली. बरोबर होतं म्हणे. बरोबर असून चुलीत घालायचं काय?

तोवर आळीत भलतंच शिजलं होतं. मोटारवाले परत फिरकले नाहीत, निरोप नाही, सुपारी नाही. म्हणजे पोरीला नाकारली. एवढी सरबराई करून नाकारली. कुणी म्हणालं, रंग बघितला असेल. कुणी म्हणालं, पोरगी पुढ्यात इंग्रजी फाडायला लागली, कोण घेईल? सगळ्याजणी हळहळत होत्या, मनापासून. एका पोरीला नाकारली की तिच्या पुढच्या स्थळाला चौकशी होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

नंदिनी कोलंबी सोलायला जायला लागली होती, भिमाबाईबरोबर. बर्फातल्या कोलंबीनं बोटांची टोकं सोलून निघतात, ती संध्याकाळी हळदीत बुडवून बसायची. आजीनं ती बोटं एका संध्याकाळी नीट बघितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली. नळावर आळी भरलेली होती. तिनं कळशी खाली ठेवली.

"आयका गो सगल्या," ती म्हणाली. "त्या बाया पोरीला बघाया आल्याच नवत्या. गरिबांच्या पोरींना शिकवनारी मानसं ती. आमची गरिबी बघाया आल्या होत्या. आमच्या घरात कायपन नाय. कनगीत कोंबडी बसते. गाठलं केवाच इकलं. पेटी खाली हाय. मी खोटी बोलले, म्हनून पोरीची मुंबई गेली. तिला कुनी नाकारली नाय."

झालं. सगळं बोलून झालं. जे तोंडातून काढायला सोनं पुरलं नसतं, ते तिनं नळावर ओतलं. आता नाक कापलं जाईल, हसतील, पाठीमागे बोलतील. तिची तयारी होती.

चांगुणाबाईनं आपली कळशी बाजूला सारली, जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असूं दे गो, यशोदे."

"कं असूं दे?"

"आमाला कलत नाय कं? पोरीची लाज राखायला तू घरादाराला भिकारी करून घेतंस. आमी काय वलखत नाय तुला?" चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "माज्या पोरीच्या येलेला होडी दिलीस, आता सोताची अब्रू देतंस. न् म्हने गाठलं इकलं!"

"खरंच इकलं!" यशोदाबाई ओरडली. "येऊन बघ, पेटी उघडून दाखवतंय!"

"नाय बघायची आमाला पेटी. तेवढं पाप नाय करायचं." भिमाबाईनं तिची कळशी नळाखाली धरली, स्वतःच्या आधी. "भर तू पानी. कुनी बोलनार नाय पुन्हा."

यशोदाबाईनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. एकही तोंड हसत नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांत मान होता, कालच्यापेक्षा जास्त. तिनं स्वतःच्या हातानं बांधलेली भिंत होती ती. इतकी पक्की बांधली होती की आतून धडका मारून पडत नव्हती.

नंदिनी मागे उभी होती, कामाला निघालेली, हातात डबा. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आता आयलीस तशी आयक," चांगुणाबाई तिला म्हणाली. "करंजाड्याला माज्या भावजयीच्या माहेरचा पोरगा हाय. सोताचा टेम्पो हाय. त्या मोटारवाल्यांच्या नाकावर टिच्चून देऊ तुला. जिताडा माजाच, कालजी नको."

यशोदाबाई म्हणाली, "नाय. पोर शिकनार हाय." पण नळाच्या पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"पाहुने कवा येनार, मावशे?" नंदिनीनं विचारलं. आजीकडे तिनं बघितलं नाही. "आधी सांगा. त्या दिवशीचा खाडा होईल माजा, मुकादमाला सांगाया लागंल."